बयाबाईनं ठेवलेलं नाव

आमच्या गावात नावं सगळेच ठेवतात, पण टिकतं ते बयाबाईनं ठेवलेलं. तलाठी येणाऱ्याजाणाऱ्याला 'उद्या या' म्हणायचा, म्हणून तिनं त्याचं नावच 'उद्या' ठेवलं. त्याची बदली झाली तेव्हा लोक नव्या तलाठ्याला विचारीत होते, "उद्या कुठं गेला?" हंबीरराव पैलवान देवी टोचायला आलेल्या नर्सबाईची सुई बघून आडवा झाला, तेव्हापासून तो नाजूकराव. मी शाळामास्तर, आणि पोस्टाची शाखाही माझ्याच सोप्यात. कुठं बसलो की उठत नाही म्हणून मला 'डिंक'. राग यायचा, नाही असं नाही. पण नाव चपखल बसलं की ज्याचं त्यालाच हसू येतं, मग भांडणार कुणाशी?

बारशाची नावंही तिचीच. भावकीत ज्या पोराला सख्खी आत्या नाही, त्याच्या पाळण्याशी बयाबाई उभी. पोराच्या कानाला तोंड लावून 'कुर्रर्र' करायची, नाव सांगायची आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालायच्या. असे धपाटे तिनं शंभर तरी खाल्ले असतील. मात्र तिला सख्खा भाचा किंवा भाची अजून झालेली नव्हती.

तिला चौदाव्या वर्षी कराडकडच्या एका गावात दिली होती. नवरा लष्करात. लढाईवर गेला तो गेलाच, ना माणूस आला ना पत्र. सतराव्या वर्षी ती माहेरी परतली. पुढं दोन वर्षांत तिची आई तानुबाई वारली, तेव्हा धाकटा भाऊ लालासाहेब दहा महिन्यांचा होता. त्याला बयाबाईनंच वाढवला, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातला, आणि तो कुवेतला नोकरीवर गेला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन शेर चटणी घातली. सासरचं तिला काही राहिलं नव्हतं, आणि माहेरची जमीन भावाच्या नावावर. तिच्या हक्काचा असा एकच मान उरला होता, आत्याबाईचा. लालासाहेबाच्या पहिल्या लेकराचं नाव ती ठेवणार, हे ती त्याच्या लग्नाच्या आधीपासून सांगत होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत पलूसहून तारवाला सायकल मारीत आला. तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच आमच्या गावाला माहीत. तो बयाबाईच्या दारात उतरला आणि शेजारच्या साळूबाईनं गळाच काढला. तिचं बघून आणखी दोघी बसल्या. बयाबाई म्हशीच्या धारेला बसली होती, ती चरवी घेऊनच बाहेर आली.

"आगं, आदी मास्तरास्नी वाचू तर द्या, मंग रडा. कोन मेलंय ते तरी ठरवा!"

मी वाचली. लालासाहेबाला मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. साळूबाईनं नाक पुसत विचारलं, "पोरगीच का?" बयाबाई म्हणाली, "व्हय, पोरगीच. त्यासाठी रडत अशील तर तुझ्या दारात जाऊन रड." आणि त्या दिवशी तिनं गावभर गूळ वाटला. मला जरा मोठा खडा दिला, कारण वाचणारा मीच होतो.

पंधरवड्यानं लालासाहेबाचं पत्र आलं. ते मी तिच्या सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. त्याचं म्हणणं साधं होतं. मूल परदेशात जन्मलं, तेव्हा आपल्या वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करायची आणि पासपोर्ट काढायचा. मे महिन्यात रजा मंजूर झाली आहे, सगळे गावी येतो. फक्त फॉर्मवर नावाची जागा आहे, ती मोकळी ठेवून चालत नाही. तर आक्का, नाव लवकर कळव.

"नाव काय कळवायची चीज हाय का?" बयाबाई म्हणाली. "नाव कानात सांगायचं असतंय. आदी पोरीच्या कानात, मंग जगाला. पोरीला घिऊन या म्हनावं, मी ठिवती."

"आवं आक्का, पासपोर्ट नसला तर ती येणार कशी?"

"मंग पासपोट काढा की."

"नावाशिवाय पासपोर्ट मिळत नाही."

"आन नाव ठिवनारी मी हितं हाय."

"तेच तर."

तिनं मान डोलावली. मला वाटलं, पटलं. पण ती म्हणाली, "म्हंजी त्यो साहेब येडा हाय. तवर 'बाळी' लिवा म्हनावं. आपल्या हितं पोरं शाळंत जाईपतूर बाळ्या न् बाळीच असत्यात. शाळंत तुमी नाव लिवता आन जल्म एक जूनचा लावून मोकळं व्हता. तसं त्या साहेबाला सांगा की."

आमच्या गावातली निम्मी प्रजा एक जूनला जन्मलेली आहे, आणि तो जन्म माझ्याच हातानं झालेला आहे. तरी मी मास्तरकीला शोभेल असं उत्तर लिहिलं. आक्काचं म्हणणं असं की आधी मुलीला आणावं.

त्याचं उत्तर फेब्रुवारीत आलं, आणि यावेळी अक्षर लालासाहेबाच्या बायकोचं होतं. ती सांगली शहरातली, बी. ए. झालेली. बयाबाई तिला 'सांगलीकरीण' म्हणायची. नणंदा-भावजयींचं काही वाकडं नव्हतं, पण दोघींच्या जिभेची धार सारखी होती. तिनं लिहिलं होतं, 'वन्सं, आम्ही मार्चअखेरपर्यंत वाट बघू. नंतर फॉर्म भरलाच पाहिजे, नाहीतर पासपोर्ट रजेच्या आत मिळणार नाही. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून खाली तीन नावं दिली आहेत. त्यातलं आवडेल ते निवडा. पिंकी, डॉली, स्वीटी.'

मी ती नावं वाचली. बयाबाईनं मला ती परत वाचायला लावली.

"ही नावं मान्सांची हायत?"

"हल्ली ठेवतात."

"फौजदाराच्या कुत्रीचं नाव काय हाय, मास्तर?"

"पिंकी."

"मंग बरुबर हाय," एवढं बोलून ती उठून आत गेली.

त्यानंतर दोन दिवस गावात एकालाही नवं नाव पडलं नाही, यावरून ओळखा. मला खरोखर वाईट वाटलं. तिच्याजवळ एकच मान होता, आणि तोसुद्धा एका फॉर्मवरच्या चौकोनात अडकून जाणार होता. मी तिला म्हटलं, "आक्का, मला नाव सांगा, मी लिहून धाडतो. नाव तुमचंच राहील."

"म्हंजी आदी तुमास्नी कळंल. तुमच्याकडनं साळूबाईला. साळूबाईकडनं पार किर्लोस्करवाडीच्या टेसनापतूर. आन पोरीच्या कानात शिळंपाकं झाल्यावर. व्हय ना?"

मी डिंक असेन, पण चहाटळ नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं. ती नुसती हसली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायला ती पदराखाली पाटी घेऊन आली. "मास्तर, मला लिवाय शिकवा."

आता ही तीच बाई, जिनं पूर्वी गावात साक्षरतेची मोहीम आली तेव्हा मला दारातून परत लावलं होतं. "आंगठा देवानं दिलाय, त्यो झिजू तरी द्या," म्हणाली होती. मी जुना दावा साधायचा म्हणून विचारलं, "अंगठ्याला काय झालं?"

"त्याला बोलता येत न्हाई," ती म्हणाली.

मी डोकं चालवलं. म्हटलं, "आख्खी बाराखडी कशाला? तुम्हाला जी दोन-तीन अक्षरं पाहिजेत ती सांगा, तासाभरात शिकवतो."

"व्वा रं मास्तर! आन तुमी ती जोडून नाव काडनार. समदी शिकवा. क पासनं."

असा तो वर्ग सुरू झाला. रोज चौथीची पोरं घरी गेली की बयाबाई माझ्यापुढं बसायची. पन्नाशी उलटलेली बाई, उसाच्या पातीनं बोटं चरबटलेली, पेन्सिल धरायची ती खुरप्यासारखी. पण डोकं भलतंच तल्लख. ङ आणि ञ आल्यावर म्हणाली, "ही कवा लागत्यात?"

"फारशी लागत नाहीत."

"मंग ठिवल्यात कशाला?"

"यादीत आहेत म्हणून."

"सोसायटीच्या व्हाइस चेरमनगत," ती म्हणाली आणि पुढं सरकली.

इकडं गावाला दुसरा उद्योग उरला नाही. बयाबाई कुठलं अक्षर जास्त गिरवते, यावर पारावर चर्चा व्हायची. नाजूकरावाचं म्हणणं नाव सावित्री. साळूबाई परसातून डोकावायची. एक दिवस बयाबाईनं आपल्या अंगणात काडीनं हा एवढा मोठा 'द' काढला आणि न पुसताच शेतावर गेली. संध्याकाळपर्यंत गावानं द्रौपदी नक्की केलं, काहींनी दमयंती. दुसऱ्या दिवशी तिथंच 'ठ' होता. ठ वरून काय नाव असतं म्हणून मी स्वतः रात्रभर तळमळलो, सांगायला लाज वाटते.

तीन आठवडे झाले. मार्चची पंधरा तारीख उलटली. बयाबाई माझ्या सोप्यात आली, माझ्याकडं पाठ केली, भिंतीशी बसली आणि एका चिटोऱ्यावर काहीतरी लिहिलं. फार वेळ लागला. मग चिटोऱ्याची घडी घातली आणि कनवटीची सुई काढून ती घडी चारी बाजूंनी शिवून टाकली. वाकळ शिवावी तशी, बारीक टाक्यात, वर गाठ मारून. मी डिंकाची बाटली पुढं केली होती, ती तशीच राहिली.

"डिंकाचा भरवसा न्हाई," ती म्हणाली. हे मला उद्देशून होतं की बाटलीला, ते मी विचारलं नाही.

सोबतचं पत्र तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: 'लालासायेब, आत चिठ्ठी हाय. दोरा कापायच्या आदी पोरीला मांडीवर घ्यायची. डोळ्यानं वाचायचं न्हाई. तोंड तिच्या कानाला लावायचं आन मगच उघडायची, आन पयल्यांदा वाचायचं ते तिच्याच कानात. कुर्र कराय इसरू नगंस. सांगलीकरणीनं तुझ्या पाठीत धपाटा घालायचा, जोरात घातला तरी चालंल. मंग फारम भरा.'

पाकीट टपालात पडलं आणि वाट बघणं सुरू झालं. मार्चअखेर आली, गेली. बयाबाई दिवसातून दोनदा विचारायची, "आलं का?" पत्र वेळेवर पोहोचलं नाही तर सांगलीकरणीनं फॉर्मवर पिंकी लिहून टाकलं असणार, ही धास्ती तिला होती आणि मलाही. पोस्टाची अब्रू माझ्याकडं होती ना.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. बयाबाईनं सोप्यात घोंगडं अंथरलं. साळूबाई न बोलावता आली. मी पाकीट फोडून वाचू लागलो. लालासाहेबानं लिहिलं होतं, 'आक्का, तू सांगितलंस तसंच सगळं केलं. तुझं अक्षर बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. टाके उसवायलाच दहा मिनिटं लागली. कुर्र केलं, आणि बाळीच्या कानात वाचलं...'

इथं मी थांबलो. मला वाटलं, माझी वाचण्यात चूक होते आहे. चष्मा पुसून परत वाचलं.

"मोना."

साळूबाई म्हणाली, "काय? कोना?"

'...मोना,' मी पुढं वाचलं. 'हिनं तर उडीच मारली. म्हणाली, वन्सं इतक्या मॉडर्न असतील असं वाटलंच नव्हतं! वकिलातीतला कारकूनही म्हणाला, फार छान नाव आहे. नोंद झाली. पासपोर्ट पंधरा दिवसांत मिळेल.'

गाव हादरलं. सावित्री गेली, द्रौपदी गेली, आणि आलं काय तर मोना! बयाबाई तासगावला जाऊन चोरून सिनेमे बघते, इथपर्यंत बोललं गेलं. नाजूकराव म्हणाला, "आक्का, येक डाव गॉगल बी घाला." जन्मभर जिनं गावाला नावं ठेवली तिला आज गाव नावं ठेवत होतं, आणि ती नुसती ऐकून घेत होती. मला तर तिची ती गप्प राहण्याची तऱ्हाच संशयाची वाटली. पण मलाही नाव आवडलं नव्हतं. माझी तीन आठवड्यांची मेहनत, आख्खी बाराखडी, ङ आणि ञ सकट, आणि त्यातून ही दोन अक्षरं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

ती एवढंच म्हणाली, "मास्तर, शिक्का बसला का ते इचारा."

"बसेल की पंधरा दिवसांत."

"बसंल न्हाई. बसला का ते इचारा."

मी विचारलं. बसल्याचं पत्र आलं. तेव्हा कुठं तिनं पुरणाला डाळ निवडायला घेतली.

मे महिन्यात मंडळी आली. पोरगी पाच महिन्यांची होत आलेली, पण बयाबाईनं बारसं घातलंच. सांगलीहून सांगलीकरणीची आई आली होती, तिला नाव फार पसंत. "आमच्या कॉलनीत तर कुणाचंच नाही हो असं," ती साळूबाईला सांगत होती. बयाबाईनं पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, कानात नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. साळूबाईनं गेल्या चार महिन्यांचं सगळं उट्टं त्यात काढलं. बयाबाई डोळे पुसत सरळ झाली. धपाट्यांनी पाणी आलं म्हणाली.

मग तिनं पासपोर्ट मागितला. लालासाहेबानं ती निळी वही तिच्या हातात दिली. तिनं फोटो बघितला, खाली पोरीच्या अंगठ्याचा ठसा बघितला, त्यावरचा शिक्का बोटानं चाचपला.

"मास्तर, ह्यात माझी आक्षरं कुठं हायत?"

मी इंग्रजीतलं नाव दाखवलं. चार अक्षरं होती. "ही मोना."

"खोडता येतंय का?"

"छे! त्यात खाडाखोड म्हणजे गुन्हा. बदलायचं तर नवे अर्ज, नवी प्रतिज्ञापत्रं. कोण करतं?"

"असं," ती म्हणाली. वही मिटली आणि भावाकडं वळली. "लालासायेब, आईचं नाव काय व्हतं?"

"तानुबाई," तो म्हणाला. "असं का विचारतेस?"

"ते हितलं. लगीन करून आली आन ताटातल्या तांदळात लिवून दिलं ते. माहेरी कडेगावला गेली की आजी हाक मारायची, 'मोने, पानी आन गं, मोने.' आई हितं कवा हसायची न्हाई, तितं लय हसायची. मी ऐकलंय. ती गेली तवा तू दहा म्हैन्याचा व्हतास."

मी मध्येच बोललो, कारण मास्तरकी गप्प बसू देत नाही. "म्हणजे मोहना? तुमच्या आईचं नाव मोहना होतं?"

"मंग मी काय म्हनतीया?" ती माझ्यावरच उखडली. "मोना!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावानं जो 'ह' पिढ्यान्पिढ्या गिळला, त्यानं एका म्हाताऱ्या नावाची फॅशन करून टाकली होती. मी हसायला लागलो आणि लालासाहेबाकडं बघून थांबलो. तो पाळण्याशी उभा होता. आईचा फोटो त्या घरात नव्हता. तिची एक आठवण त्याला नव्हती. त्यानं पोरीला उचललं आणि हळूच म्हटलं, "मोने." दोन महिने तो तिला त्या नावानं हाक मारीत होता, पण ही हाक वेगळी होती.

सांगलीकरणीचं तोंड उघडंच राहिलं होतं. "वन्सं, मग हे आधी का नाही सांगितलं?"

"आदी सांगितलं असतं, सासूचं माहेरचं नाव हाय म्हनून, तर ठिवलं असतंस?"

सांगलीकरीण खोटं बोलणारी नव्हती. "नसतं ठेवलं," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. तिच्या आईला मात्र हसू आलं नाही.

बयाबाईनं पासपोर्ट लालासाहेबाला परत दिला नाही. तो भावजयीच्या हातात ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"ह्यो तुझ्याजवळ ठिव. आज मी हाय, उद्या न्हाई. हिचं लगीन ठरंल, आन सासरची तांदळाचं ताट पुढं करून म्हनाय लागली, नाव बदलायचं, तर ह्यो काढ. सरकारचा शिक्का हाय म्हनावं. खोडाल तर खडी फोडाय जाल."

सांगलीकरणीचंही लग्नात नाव बदललेलं होतं. ती उठून आत गेली आणि पासपोर्ट स्वतःच्या ट्रंकेत ठेवून तिला कुलूप लावून आली.